मुका मार : मांडीच्या आतली दुखापत दिसायला कधी लागली?

आजची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. तारीख १२ ऑगस्ट २०१७. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली पुरुषांची ४ बाय १०० मीटर रिले चालू आहे. जमैकाचा शेवटचा धावपटू उसेन बोल्ट, आणि ही त्याच्या आयुष्यातली शेवटची शर्यत. बॅटन हातात आलं तेव्हा जमैका मागे होतं. बोल्टने वेग घेतला आणि काही पावलांतच चेहरा वेडावाकडा झाला, डावा पाय उचलेना, लंगडत लंगडत तो ट्रॅकवर कोसळला. सुवर्ण ब्रिटनला गेलं. पण सगळं स्टेडियम बघत होतं जमिनीवर पडलेल्या बोल्टकडे.

त्या रात्री जमैकाच्या टीमकडून बातमी आली की क्रॅम्प आहे. म्हणजे आपण ज्याला वांब आला म्हणतो, किंवा गोळा आला म्हणतो, ते. मग काय, सोशल मीडिया सुरू. हरतोय हे दिसल्यावर पडला, नाटक केलं, वगैरे. काही दिवसांनी बोल्टने स्वतःच आपला मेडिकल रिपोर्ट जाहीर केला. एरवी मी असं करत नाही, पण मला खरंच लागलं होतं का अशी शंका लोक घेतायत म्हणून करतोय, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. रिपोर्टमध्ये होतं : डाव्या मांडीच्या मागचा बायसेप्स फेमोरिस स्नायू वरच्या बाजूला, स्नायू आणि कंडरा जिथे एकमेकांत मिसळतात तिथे फाटलाय, फाटलेला भाग थोडा मागे सरकलाय, तीन महिने लागतील.

जरा थांबा इथे. जगातला सगळ्यात वेगवान माणूस, आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं नावावर असलेला, आणि त्याला आपलं दुखणं खरं आहे हे कागद दाखवून पटवावं लागलं. पाय मोडला असता तर ही वेळ आली असती का? हाड मोडलं की प्लास्टर असतं, एक्स-रे असतो. मांडीचा स्नायू फाटला तर बाहेरून पहिले काही तास काहीच दिसत नाही. मराठीत आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, मुका मार. मार बसलाय, पण तो बोलत नाही. (काटेकोर बोलायचं तर मुका मार म्हणजे बाहेरून बसलेला फटका, आणि हा आतून फाटलेला स्नायू. पण मुकेपणा दोन्हीत सारखाच.)

तर आजचा विषय हा की माणसाने मांडीच्या आत बघायला कधी आणि कसं सुरू केलं. आणि बघता यायला लागल्यावर खेळाडूची कटकट संपली का? माझं मत आधीच सांगतो : अर्धीच संपली.

आधी आत काय आहे ते बघू. खुर्चीत बसून ऐकत असाल तर बुडाखाली हात घाला. एक टणक हाड लागेल, ते बसायचं हाड. मांडीच्या मागचे तीन स्नायू, म्हणजे बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस, या हाडापासून निघतात. आता गुडघा थोडा वाकवून टाच जमिनीत दाबा आणि गुडघ्याच्या मागे बोटं लावा. दोन्ही बाजूंना ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी लागेल. बाहेरच्या बाजूची दोरी बायसेप्स फेमोरिसची, आतल्या बाजूच्या बाकी दोघांच्या. या दोऱ्या म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. या तिघांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. मांडीच्या पुढे चार स्नायूंचा क्वाड्रिसेप्स असतो, आतल्या बाजूला मांड्या जवळ आणणारे स्नायू.

यातली ग्यानबाची मेख अशी की हॅमस्ट्रिंग दोन सांध्यांवरून जातो. खुबा आणि गुडघा, दोन्ही. (अपवाद फक्त बायसेप्स फेमोरिसच्या आखूड डोक्याचा, ते मांडीच्या हाडावरूनच निघतं.) वेगाने धावताना पाय हवेतून पुढे जातो, जमिनीला टेकण्याच्या आधीचा तो क्षण बघा. खुबा वाकलेला, गुडघा सरळ होत चाललेला. म्हणजे हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांकडून ताणला जातोय. आणि त्याच वेळी त्याला पुढे फेकल्या गेलेल्या पायाला ब्रेक लावायचाय. लांब होतोय आणि जोरही लावतोय. स्प्रिंटर बहुतेक वेळा इथेच फाटतात.

हे सगळे स्नायू माणसाला फार आधीपासून माहीत आहेत. १५४३ साली आंद्रेयास व्हेसालियसचं शरीररचनेवरचं मोठं पुस्तक बाझेलमध्ये छापलं गेलं. त्यातली चित्रं एकदा नक्की शोधून बघा. कातडी सोललेली माणसं निसर्गदृश्यात ऐटीत उभी आहेत, आणि पानामागून पान स्नायूंचा एकेक थर उतरत जातो. मांडीतला एकूण एक स्नायू तिथे आहे. पण ती मेलेल्या माणसाची मांडी. जिवंत धावपटूच्या मांडीत आत्ता, या क्षणी काय झालंय, हे कळायला पुढची चारशे वर्षं डॉक्टरकडे एकच साधन होतं : स्वतःची बोटं. दाबून बघायचं, कुठे दुखतं विचारायचं, पाय सरळ वर उचलायला सांगायचं. चार-पाच दिवसांनी रक्त खाली उतरून गुडघ्यामागे निळं-काळं पडलं, की मग कळायचं, अरे, खरंच फाटलं होतं.

मग ८ नोव्हेंबर १८९५. वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला एक्स-रे सापडले. डिसेंबरात त्याने बायको ॲना बर्थाच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि बोटातली अंगठी. तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच. पण त्यात काय दिसत नाही ते बघा. मांसाची नुसती धुरकट सावली आहे. एक्स-रेला कॅल्शियम अडवतं, म्हणून हाड दिसतं. स्नायू म्हणजे तीन चतुर्थांश पाणी. फाटलेला स्नायू, धड स्नायू, साकळलेलं रक्त, एक्स-रेच्या दृष्टीने सगळं जवळपास सारखंच. त्यामुळे हाडांचे डॉक्टर रातोरात नव्या युगात गेले आणि स्नायूचा पेशंट होता तिथेच राहिला. किंबहुना त्याची अवस्था जरा वाईटच झाली असं मला वाटतं. कारण आता एक नवं वाक्य जन्माला आलं, "एक्स-रे नॉर्मल आहे, तुला काही झालेलं नाही."

गंमत म्हणजे मांडीच्या स्नायूची एक दुखापत एक्स-रेवर अगदी ठळक दिसायची, आणि ती का दिसायची तर स्नायूचं हाड व्हायचं म्हणून! जोराचा मुका मार बसला, आत रक्त साकळलं, की कधी कधी काही आठवड्यांनी स्नायूच्या आतच हाड तयार होतं. घोडदळातल्या लोकांच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे ते खोगीर पकडून ठेवायचे, तिथे असं हाड सापडायचं. जर्मन डॉक्टरांनी त्याला 'घोडेस्वाराचं हाड' असंच नाव दिलं होतं. आजही फुटबॉल-रग्बीत मांडीवर गुडघा बसल्यावर हे होतं, म्हणून ताज्या मुक्या मारावर मालिश करू नका असं डॉक्टर सांगतात. आजी आंबेहळदीचा लेप लावते तोवर ठीक, पण रगडून तेल लावणाऱ्या काकांना पहिल्या दिवशी नमस्कार करा. आणि शाळा-कॉलेजात खेळणाऱ्यांनो, अजून एक. वाढीच्या वयात कधी स्नायू फाटायच्या ऐवजी कंडरा बसायच्या हाडाचा तुकडाच उपटून काढते. तो मात्र साध्या एक्स-रेवर दिसतो, तेव्हा एक्स-रे अगदीच मोडीत काढू नका.

पुढची पायरी आवाजाची. १९४०-५० च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी नावाचा डॉक्टर अल्ट्रासाउंडने शरीराच्या मऊ भागांची चित्रं काढायच्या मागे लागला होता. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, म्हणून माणसाला पाण्यात बसवायचं. त्यासाठी आधी गुरांना पाणी पाजायचं टाकं, नंतर बी-२९ बॉम्बर विमानाचा तोफेचा घुमट! त्यात माणूस बसलाय आणि भोवती यंत्र फिरतंय. चित्रं सुंदर यायची, पण पाय दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला असं बुडवून कोण ठेवणार?

दुसरीकडे ग्लासगोचा स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड. त्याने पाहिलं की बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लोखंडातली चीर शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात. १९५५ मध्ये तो ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून थेट कारखान्यात गेला. तुलनेसाठी कारखान्याने काय दिलं असेल? गोमांसाचा एक भला मोठा तुकडा. मांस म्हणजे स्नायूच की. म्हणजे अल्ट्रासाउंडच्या इतिहासात स्नायू पहिल्यापासून हजर होता, पण बिचारा तुलनेपुरता. १९५८ मध्ये डोनाल्डचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि हे तंत्र गेलं गरोदर बायकांकडे. खेळाडूंच्या मांडीपर्यंत यायला अजून बरीच वर्षं लागली.

आज मात्र मांडीसाठी अल्ट्रासाउंड फार उपयोगाचं आहे. स्वस्त, झटपट, आणि स्नायू हलताना बघता येतो. पेशंटला पाय आवळायला सांगा, फाटलेली टोकं एकमेकांपासून लांब जाताना समोर दिसतात. परदेशात टीमचे डॉक्टर मोबाईलला जोडायचं छोटं यंत्र बॅगेत घेऊन फिरतात. आपल्याकडे ते इतकं सोपं नाही, आणि त्याचं कारण खेळात नाहीच. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, मग १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि पोर्टेबल यंत्र कुठेही उचलून नेण्यावर कडक बंधनं आहेत. मुलींच्या जिवापुढे खेळाडूची मांडी थांबू शकते, यात मला तरी काही चूक वाटत नाही. पण मैदानावर लगेच सोनोग्राफी का होत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल्यम गॅरेट आणि त्याचे सहकारी सशांच्या पायाचे स्नायू ताणून ताणून नेमके कुठे तुटतात ते बघत होते. उत्तर जवळपास दर वेळी एकच : मधोमध नाही, तर स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे. १९८९ मध्ये त्यांनी हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या कॉलेज खेळाडूंचे सीटी स्कॅन छापले. बहुतेकांची दुखापत बायसेप्स फेमोरिसच्या लांब डोक्यात. बोल्टचा रिपोर्ट आठवा. जागा तीच.

आता एमआरआय. याच्या जन्मावर एक वेगळा एपिसोड होईल इतकी भांडणं आहेत. थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये रेमंड डमाडियनने दाखवलं की गाठीतलं पाणी आणि निरोगी पेशींतलं पाणी चुंबकीय तपासणीत वेगवेगळा प्रतिसाद देतं. त्याच वर्षी पॉल लॉटरबरला पिट्सबर्गजवळच्या एका बर्गरच्या हॉटेलात बसल्या बसल्या सुचलं की चुंबकाची ताकद जागेनुसार बदलत ठेवली, तर सिग्नल कुठून येतोय ते कळेल आणि चित्र काढता येईल. 'नेचर' साप्ताहिकाने त्याचा लेख आधी परत पाठवला. १९७३ मध्ये छापला तेव्हा त्यात चित्र कशाचं होतं? पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. डमाडियनने ३ जुलै १९७७ ला माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं, त्याला जवळपास पाच तास लागले. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्डला मिळालं. डमाडियनने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन संताप व्यक्त केला.

आपल्या मांडीसाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. एक्स-रेला जे पाणी दिसतच नव्हतं, त्या पाण्यावरच एमआरआय चालतो. पाण्यातल्या हायड्रोजनचे कण चुंबकात एका दिशेला वळतात, रेडिओलहरीने त्यांना ढकललं की परत जागेवर येताना सिग्नल देतात. स्नायूतलं पाणी तंतूंमध्ये अडकलेलं असतं, ते एक प्रकारे वागतं. फाटलेल्या जागी पाझरलेलं मोकळं पाणी दुसऱ्या प्रकारे. अडचण चरबीची होती, कारण तीही पांढरी चमकते, आणि मांडीत चरबी काही कमी नसते. १९८५ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ग्रॅम बायडर आणि इयन यंग यांनी चरबीचा सिग्नल दाबून टाकायची पद्धत मांडली, तिला 'स्टर' म्हणतात. चरबी काळी झाली आणि सूज एकदम उजळून दिसायला लागली. काळोख्या रात्री एकाच घरात दिवा लागावा तशी. १९८८-८९ मध्ये जेम्स फ्लेकेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी आधी व्यायाम केलेल्या आणि मग दुखावलेल्या स्नायूंचे एमआरआय छापले, आणि खेळाडूची मांडी अखेर उघडली. कापावी न लागता.

असा स्कॅन बघितला तर काय दिसतं? मांडीचा आडवा काप समजा. मध्ये हाडाचं वर्तुळ, भोवती करड्या रंगाचे स्नायू. दुखापत झालेल्या स्नायूत पांढरा डाग. उभ्या चित्रात तोच डाग पिसासारखा दिसतो, कारण तंतू कंडरेला तिरके जुळलेले असतात आणि पाझरलेलं पाणी त्या तंतूंच्या रेघांमधून पसरतं. मधली काळी दांडी म्हणजे कंडरा. रेडिओलॉजिस्ट खरं तर त्या दांडीकडेच जास्त लक्ष देऊन बघतो. ती सरळ आणि काळी आहे की मध्येच तुटलीय, नागमोडी झालीय?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्वीडनमध्ये कार्ल आस्कलिंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन अभ्यास छापले. एकात १८ स्प्रिंटर, दुसऱ्यात १५ व्यावसायिक नर्तक. सगळ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच हॅमस्ट्रिंगला लागलेलं. दोघांचेही एमआरआय पुन्हा पुन्हा काढले.

स्प्रिंटरना लागलं ते पूर्ण वेगात धावताना. धाडकन, कुणीतरी मागून दगड मारावा तसं. लगेच लंगडणं, चालताही येईना. दुखापत मुख्यतः बायसेप्स फेमोरिसच्या लांब डोक्यात. नर्तकांना लागलं ते सावकाश स्ट्रेच करताना. गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू लांब नेत, स्प्लिट घालतात तसं. पहिल्या दिवसांत स्प्रिंटरइतका त्रास नाही. दुखापत मात्र सेमिमेम्ब्रेनोससच्या वरच्या मोकळ्या कंडरेत, बसायच्या हाडाच्या अगदी जवळ.

आता सांगा, आधी बरं कोण झालं असेल? पडलेला, लंगडणारा, तोंड वेडंवाकडं झालेला स्प्रिंटर. पूर्वीच्या पातळीवर परत यायला मध्यक १६ आठवडे. नर्तकांचा मध्यक ५० आठवडे. जवळपास वर्ष! ज्याचं दुखणं कमी दिसत होतं, त्याचीच जखम वाईट होती. कारण स्नायूत रक्त भरपूर खेळतं, तो लवकर सांधतो. कंडरेला रक्त कमी, ती रेंगाळते. स्कॅन नसता तर काय झालं असतं, कल्पना करा. ती नर्तकी सहाव्या महिन्यात म्हणतेय अजून दुखतंय, आणि क्लासमधले सगळे म्हणतायत, अगं, पडली पण नव्हतीस, नुसता स्प्लिट घातलास, किती दिवस हेच सांगणार? त्या काळ्या दांडीच्या चित्राने अशा माणसांची बाजू घेतली. माझ्या मते एमआरआयने खेळाडूला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

पण मग पुढचा प्रश्न आला, आणि इथे गाडी अडकली. कोच विचारतो, मालक विचारतो, चाहते विचारतात : ठीक आहे, लागलंय हे कबूल. कधी खेळणार ते बोल.

त्यासाठी ग्रेड आले. पूर्वीपासून सोपी पद्धत होती : ग्रेड १ म्हणजे सूज आहे पण तंतू तुटलेले दिसत नाहीत, २ म्हणजे थोडे तुटलेत, ३ म्हणजे पूर्ण तुटलाय. २०१६ च्या जुलैत बोल्टने ग्रेड १ सांगून जमैकाच्या निवड चाचणीतून माघार घेतली होती, आणि ऑगस्टमध्ये रिओत तीन सुवर्णपदकं. (पाहिलंत, तेव्हाही अनेकांनी भुवया उंचावल्या होत्याच.) मग २०१४ मध्ये ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या डॉक्टरांनी नवी पद्धत काढली. ० ते ४ आकडे, आणि शेजारी ए, बी, सी. ए म्हणजे स्नायूच्या आवरणापाशी, बी म्हणजे स्नायूत किंवा स्नायू-कंडरेच्या जोडावर, सी म्हणजे कंडरेच्या आत. यातल्या सी ला सगळे टरकतात. वेळ जास्त लागतो आणि पुन्हा फाटायची भीती जास्त. आता मॅचनंतरच्या बातमीत '२ सी' असं दिसलं, तर समजा की पुढच्या आठवड्यात काही तो खेळत नाही.

त्याच सुमारास जर्मनीतून म्युनिक पद्धत आली. तिच्यामागचा मुख्य माणूस हान्स-विल्हेल्म म्युलर-वोलफार्ट, बायर्न म्युनिकचा डॉक्टर, बोल्टही त्याच्याकडे जायचा. बोटांनी चाचपून स्नायूतली गडबड ओळखण्यासाठी हा माणूस प्रसिद्ध. त्याच्या पद्धतीत एक पूर्ण गट असा आहे की खेळाडूला दुखतंय, पण स्कॅनमध्ये फाटलेलं काहीच नाही. काही जणांनी यावर टीका केली, जे दिसत नाही त्याला कसलं वर्गीकरण? पण युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबांची आकडेवारी बघा. यान एकस्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती छापली. एमआरआय काढलेल्या हॅमस्ट्रिंग दुखापतींपैकी ७० टक्क्यांमध्ये तंतू तुटल्याची खूण नव्हती. आणि तरी खेळाडू बाहेर बसले त्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस याच दुखापतींमुळे गेले. म्हणजे इतकं महागडं यंत्र आलं आणि दर दहातले सात खेळाडू परत तिथेच : दुखतंय, पण फाटलेलं दिसत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये म्युलर-वोलफार्टने बायर्नचं काम सोडलं. पोर्तोकडून ३-१ हरल्यावर खापर मेडिकल टीमवर फुटलं, असं त्याचं म्हणणं होतं. जखमी खेळाडूंची यादी लांब होती आणि 'कधी' या प्रश्नावर सगळे चिडलेले होते.

हे आपल्याही घराजवळ घडलंय. १८ ऑक्टोबर २०२०, दुबई, मुंबई इंडियन्स आणि पंजाब, तीच ती दोन सुपर ओव्हरची मॅच. रोहित शर्माची हॅमस्ट्रिंग दुखावली. २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया दौऱ्याची टीम जाहीर झाली, रोहितचं नाव नाही. त्याच दिवशी त्याचा नेटमधल्या बॅटिंगचा व्हिडिओ आला. ३ नोव्हेंबरला तो मैदानात. १० नोव्हेंबरला फायनलमध्ये ६८ रन आणि कप हातात. मग महाराष्ट्रातल्या प्रत्येक कट्ट्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, रोहितला मुद्दाम वगळला. दुसरा म्हणे, आयपीएलसाठी फिट आणि देशासाठी अनफिट? कर्णधार कोहलीनेही माहिती स्पष्ट नव्हती अशी नाराजी बोलून दाखवली. ११ डिसेंबरला बंगळुरूच्या अकादमीत रोहित फिटनेस टेस्ट पास झाला आणि थेट तिसऱ्या टेस्टला, सिडनीला खेळला. या वादात बहुतेकांचा समज असा होता की स्कॅनमध्ये एक तारीख लिहिलेली असते आणि कुणीतरी ती लपवतंय.

आणि बघा, त्याच सिडनी टेस्टच्या शेवटच्या दिवशी, ११ जानेवारी २०२१ ला, हनुमा विहारीची हॅमस्ट्रिंग गेली. एकेरी धावसुद्धा पळता येईना. तरी तो १६१ बॉल खेळला, नाबाद २३. समोर अश्विन. टेस्ट वाचली. तिथे कुणी रिपोर्ट मागितला नाही. तो लंगडत होता, ते सगळ्यांना दिसत होतं.

स्कॅनमध्ये खरंच तारीख असते का, हे दोहाच्या संशोधकांनी तपासलं. २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात १८० पुरुष खेळाडू होते, सगळ्यांची हॅमस्ट्रिंग नुकतीच दुखावलेली. प्रत्येकाला आधी साधे प्रश्न विचारले, हाताने तपासलं, मग एमआरआय. कोण लवकर परतलं, कोण उशिरा, यातल्या फरकापैकी साधारण २९ टक्के फरक प्रश्न आणि हाताच्या तपासणीतूनच समजत होता. त्यात एमआरआयची भर घातल्यावर किती वाढला? २.८ टक्के. उरलेला सगळा फरक कुणालाच आधी सांगता आला नाही.

याचा अर्थ एमआरआय वाया, असा नाही. कंडरा हाडावरून उपटली गेली असेल तर ऑपरेशन करायचं का, हे ठरवायला तो लागतोच. नर्तकांसारख्या फसव्या दुखापतीतही लागतो. पण साध्या दुखापतीत "मला एमआरआयच पाहिजे" म्हणून काही हजार रुपये भरून पेशंट डॉक्टरसमोर फाइल ठेवतो, आणि डॉक्टर फाइल बाजूला सारून म्हणतो, पालथं झोप, गुडघा वाकव, मी दाबतो तू जोर लाव. तो आळशीपणा करत नसतो.

शेवटचा आकडा सांगतो आणि थांबतो. २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पूर्ण बऱ्या झालेल्या ५३ खेळाडूंचा पुन्हा एमआरआय काढला. दुखत नव्हतं, ताकद परत आली होती, खेळायला परवानगी मिळाली होती. त्यातल्या ४७ जणांच्या मांडीत तो पांढरा डाग अजून तसाच चमकत होता. खेळाडू मैदानावर पोहोचला होता, स्कॅन अजून तो जखमी आहे म्हणत होता.